सात नंबरचं भोक

मेजर दुकानात यायचे तेव्हा आधी माझ्याकडे बघायचेच नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर शांपूच्या पुड्यांची एक माळ लटकलेली असते, तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "डावीकडनं हाय. सुस्त." मग मला रामराम. वारा कुठून आहे हे कळल्याशिवाय माणसाशी बोलायचं कसं, असा एकंदर थाट. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलेलं दिसतंय बिचाऱ्याचं.

आळेफाट्याला माझं कुशनचं दुकान आहे. ट्रकच्या सीटा, ट्रॅक्टरच्या सीटा, ताडपत्र्या. आमचं घराणं जुन्नरचं. आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे, त्यामुळे चामड्यावरचा हात घरातलाच. कुणीतरी मेजरांना सांगितलं, की चामड्याचं काम करणारा आता तेवढा एकच उरलाय. म्हणून ते तिकडं घोड नदीच्या काठावरून, निरगुडसरच्या पुढच्या एका मळ्यातून, एसटी बदलत माझ्याकडे आले. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावावर माझा राग आहे, आणि रागात नाव लिहू नये.

मेजर काही खरे मेजर नव्हते. आपल्याकडे फौजेतून परत आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. हे हवालदार होते, शस्त्रं शिकवणारे. सगळी नोकरी दुसऱ्यांची कोपरं जमिनीवर नीट टेकवण्यात गेली. हातात यायची ती सरकारी रायफल. जी मिळेल ती, ज्याच्या त्याच्या खांद्याला घासलेली. म्हातारपणी त्यांची एकच इच्छा होती. आपल्या मापाची एक रायफल, नीट विचार करून निवडलेली, आणि तीनशे मीटरवर एक कागद.

"कागद?" मी विचारलं.

"कागदच. त्याच्यावर दिसतं आपण कसं हाय ते."

एवढ्याशा इच्छेसाठी ते माझ्याकडे पट्टा शिवून घ्यायला आले होते. पालथं झोपून नेम धरताना रायफलीचा पट्टा डाव्या दंडात अडकवतात; तो घट्ट बसला की हात हलत नाही. लायसन अजून आलं नव्हतं, रायफल तर लांबच. पण पट्टा आधी हवा होता.

त्यांनी दुकानासमोर ताडपत्री अंथरली आणि रायफलीच्या जागी एक फळी घेऊन सरळ पालथे झोपले. नाशिककडे जाणारे ट्रक थांबलेले, ड्रायव्हर लोक चहा टाकून बघायला आलेले. एकानं विचारलं, "काय झालं चाचांना?" मी म्हटलं, "माप देतायत." हसून हसून लोकांची पोटं दुखली. मेजर फळीवरून समोरच्या टायरच्या दुकानाच्या पाटीवर नेम धरून शांत पडून राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, एक भोक आत." मी एक भोक आत पाडलं. असं करत करत पट्टा बसला तो सातव्या भोकावर. शेजारच्या गॅरेजमधून आकड्यांचे ठसे आणून मी प्रत्येक भोकाजवळ नंबर ठोकून दिला. ते फार खूश झाले. म्हणाले, "आता आंधारातबी सात नंबर हुडकीन."

नंतर जाकीट शिवायला आले. उजव्या खांद्याचं हाड पूर्वी मोडलेलं, रायफलीचा धक्का सोसवत नव्हता. मी ट्रॅक्टरच्या सीटचा चांगला जाड फोम आत घातला. त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून पाहिला आणि मान हलवली. जाकिटाची जाडी किती असावी याचा नियम असतो म्हणे.

"अहो मेजर, तुमच्या मळ्यात कोण मोजायला येतंय?"

"कुणी न्हाई येत. पर काढ."

मी काढला. मनातल्या मनात चार शिव्या देऊन काढला. हा माणूस पुढं याच गोष्टीपायी मरणार आहे हे तेव्हा मला कळायचं काहीच कारण नव्हतं.

रायफल कुठली घ्यायची यावर त्यांचा विचार चालू होता तो इतका, की लोक मुलीच्या स्थळासाठीही एवढा करत नाहीत. माझ्या बाकड्यावर बसून, समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवत मला समजावून सांगायचे. "ही स्कूटर चालली ना, ही बावीस बोअर. पन्नास मीटरला लई ग्वाड. गोळी स्वस्त, धक्का न्हाई. पर लांब गेली की वारा ढकलून देतो तिला." मग उसाचा ट्रक आला की, "ही तीनशे पंधरा. रानडुकराला ठीक. दणका मोठा, पर लवकर दमती, तीनशे मीटरला पार खाली बसती." एखादी चकचकीत परदेशी मोटार गेली की उसासा टाकायचे. "साडेसहा मिलिमीटर. नंबर एक. वारा तिला लागत न्हाई, खांद्याला लागत न्हाई. पर पेट्रोल कुठं भरू? तिची गोळी मला कोण देणार हितं?"

"मग तुमची कुठली?"

तेवढ्यात फाट्यावर खडखडत एसटी शिरली. मेजरांचा चेहरा खुलला. "थर्टी झिरो सिक्स. जुनी हाय, पर सरळ जाती, लांब जाती, आन कुठंबी पार्ट मिळतो." सरळ जाते आणि लांब जाते, हे त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं होतं.

दुसऱ्यांनी सल्ला विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आधी अंतर सांगा." एकदा एक कांद्याचे व्यापारी माझ्याकडे नव्या गाडीच्या सीटा करायला आले होते. गळ्यात साखळी, मागं दोन माणसं. त्यांनाही लायसन मिळालेलं. "मेजर, कुठली घ्यावी ओ?"

"आधी अंतर सांगा."

"अंतर कसलं राव! लग्नात, मिरवणुकीत दिसली पाहिजे."

"मग दहा फूट," मेजर म्हणाले. "दहा फुटाला कुठलीबी चालती. लाकडाची घ्या."

व्यापारी हसले, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही मात्र पुढं कित्येक दिवस कशालाही 'दहा फुटाची' म्हणायचो.

शेवटी लायसन आलं. फक्त नेमबाजीच्या खेळासाठी, तसं त्यावर छापलेलं. ते त्यांनी मला बोट ठेवून वाचून दाखवलं. रायफल आली. नगरकडे एका स्पर्धेच्या निमित्तानं त्यांना मोठ्या रेंजवर एक सकाळ पालथं झोपायला मिळालं. तिथून परतताना वाकडी वाट करून दुकानात आले आणि सुरळी केलेला कागद बाकड्यावर उलगडला. त्यावर चहाचा कप पालथा घातला तर सगळी भोकं झाकली गेली, एक सोडून.

"ही माझी चूक," ते म्हणाले. "वारा बदलला, मी न्हाई बदललो."

त्या दसऱ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. तिथं मी त्यांच्या थोरल्या भावाला आणि वहिनीला पहिल्यांदा पाहिलं. घर धनगराचं, आता शेती असली तरी थोरल्यानं मेंढरं सोडली नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा मेजरांना या वहिनीनंच वाढवलं होतं. थोरला मेंढरांमागं फिरला म्हणून धाकटा शाळेत गेला, आणि शाळेत गेला म्हणून फौजेत. हे मला त्या घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळं गाठून सांगितलं.

शस्त्रपूजेला पाटावर विळा, कोयता, मेंढ्यांची कातर आणि मधोमध रायफल. वहिनींनी तिला हळद-कुंकू वाहिलं. नळीच्या तोंडालाही चांगलं ओलं हळदीचं बोट लावलं, वरून पाणी शिंपडलं. मेजरांचा जीव कासावीस झालेला मला दिसत होता, कारण ज्या नळीच्या तोंडाला ते स्वतः फडकंसुद्धा जपून लावायचे त्यातून पिवळं पाणी आत उतरत होतं. वहिनींनी विचारलं, "ही कुणाला मारायची न्हाई ना, बाबा?"

"न्हाई वहिनी. कागदाला."

"मग हिला आजून एक फूल घालते," त्या म्हणाल्या आणि झेंडूचं फूल दस्त्याजवळ पट्ट्यात खोचलं. आम्ही पोळ्या खाऊन उठलो तरी मेजर पडवीत बसून नळी पुसत होते. वहिनींना एका शब्दानं बोलले नाहीत.

त्याच वहिनींना बिबट्यानं मारलं. दिवसाढवळ्या, घरामागच्या उसाच्या बांधाला, वाकून गवत कापत असताना. माझ्या आणि मेजरांच्या, दोन्ही तालुक्यांत हे कुणाला नवीन नाही. ऊस आहे, उसात बिबटे आहेत, आणि बांधावर बायका वाकलेल्या असतात. वाकलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं, असं जाणते लोक सांगतात. सांगून कुणाचं काय भलं होतं ते मला माहीत नाही.

रस्ता अडवला गेला, साहेब आले, पिंजरे लागले. आणि गावाला आठवलं, की आपल्यात एक माणूस आहे ज्याला तीनशे मीटरवरून चहाच्या कपाएवढ्या जागेत गोळ्या घालता येतात.

थोरल्यानं सांगितलं, "बस बांधावर. मी सोबत बसतो."

मेजर म्हणाले, "दादा, कुठल्या बिबट्याला मारू? उसात किती हायेत, कुणाला ठावं? आन ही गोळी बिबट्यात थांबायची न्हाई. पलीकडं निघंल. पलीकडं मळे हायेत, वस्त्या हायेत. पोरं खेळत्यात."

खरं तेच सांगत होते. सरळ जाते आणि लांब जाते, म्हणून तर ती निवडली होती. पण ज्याची बायको गेली त्याला पलीकडची वस्ती दिसत नाही, आणि दिसावी अशी अपेक्षाही मी करणार नाही. गावाचं मात्र तसं नव्हतं. गावाचं कुणी गेलं नव्हतं. गाव नुसतं बघत होतं आणि बोलत होतं. एसटीच्या थांब्यावर मेजरांना ऐकू जाईल अशा आवाजात पोरं म्हणायला लागली, "कागदी मेजर."

दशक्रियेला मला जायला जमलं नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो. आणि नेमका त्याच पहाटे बिबट्या पिंजऱ्यात सापडलेला. थोरल्याच्या विहिरीजवळ पिंजरा, भोवती सगळं गाव, हातात दगड आणि मोबाईल. वनखात्याची गाडी यायची होती. बिबट्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, तोंडाला गजांवर आपटून रक्त आलेलं. तोच होता की दुसरा कुठला, ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

मेजर गर्दीच्या मागं उभे होते. थोरल्यानं त्यांना पाहिलं. लोक बाजूला झाले.

"तू समद्यांना अंतर इचारतोस ना?" थोरला म्हणाला. "घे, सांगतो. दहा फूट. आन मागं इहिरीच्या मातीचा ढीग हाय. गोळी कुठं जायाची न्हाई. जा, घिऊन ये."

मला आळेफाट्यावरचा तो विनोद आठवला. मेजरांनाही आठवला असणार.

"दादा, तो कोंडलेला हाय," ते म्हणाले.

"आन ती? ती काय उभी व्हती का हत्यार घिऊन? वाकून गवत कापत व्हती ती! तुला भरवलं तिनं."

पिंजऱ्यातलं जनावर धापा टाकत होतं. आता बोलायला मेजरांजवळ किती गोष्टी होत्या! रडता आलं असतं. भावाच्या पायाशी बसता आलं असतं. मला आई म्हणून तीच ठाऊक आहे, एवढं म्हणाले असते तरी थोरला कदाचित विरघळला असता. पण जन्मभर नियमाच्या जाडीचं जाकीट घातलेला माणूस तो. तोंडातून निघालं ते हे:

"दादा, लायसन खेळाचं हाय. ह्याच्यासाठी न्हाई."

थोरला म्हणाला, "बरं. मग कागदाशीच नातं ठेव." आणि पाठ फिरवून मेंढरांकडे निघून गेला.

खरं सांगू का? मेजर बरोबर होते हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. आणि तरीही त्या क्षणी मला त्यांचा राग आला. इतकं बरोबर असू नये माणसानं. गावाचा राग मात्र वेगळा आहे. दोन भावांमधलं ते बोलणं गावानं मोबाईलवर उतरवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मंचरपासून आळेफाट्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. माझ्या दुकानात येऊनही एकानं दाखवलं. मी त्याची सीट तशीच अर्धवट उसवलेली परत दिली.

त्यानंतर थोरल्याच्या घराचं दार मेजरांना उघडलं नाही. एकाच मळ्यात दोन घरं, मधे पेरूचं एक झाड. मेजर सकाळी ओट्यावर बसायचे आणि थोरला मेंढरं घेऊन त्यांच्या समोरून जायचा, मान सरळ ठेवून. पुढच्या दसऱ्याला मेजरांनी रायफल पाटावर मांडली की नाही ते मी विचारलं नाही.

निवडणूक लागली. निवडणुकीच्या आधी लायसनवाल्या सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, चिठ्ठी बांधून. निकाल लागला की आपापल्या सोडवून न्यायच्या. कांद्याच्या व्यापाऱ्यांनी सोडवली आणि मिरवणुकीत खांद्याला लावून मिरवली. मेजरांनी आणलीच नाही. मग एक दिवस माझ्याकडे आले. शांपूच्या पुड्यांकडे पाहिलं नाही. त्या चांगल्या फडफडत होत्या, पण त्यांनी पाहिलं नाही. सरळ माझ्यापाशी येऊन पट्टा बाकड्यावर ठेवला.

"ह्यो ठिवा मिस्त्री. चामडं चांगलं हाय. कुणाच्या तरी कामी यील."

"आणि रायफल?"

"लायसन परत करतोय."

मी चहा सांगितला. त्यांनी घेतला, बशीत ओतून. जाताना जाकिटाचं विचारलं, की उसवून त्याचा कपडा कशाला वापरता येईल का. मी म्हटलं, नाही येणार. तसं काही नव्हतं. मला ते उसवायचं नव्हतं.

पुण्याकडे मुलगी असते त्यांची. तिच्याकडे गेले. चौथ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे बघत बसायचे, असं तिनं मला फोनवर सांगितलं. कपड्यांकडे बघून काय बघत असतील ते तिला कळत नव्हतं. मला कळलं आणि बरं वाटलं. पण वारा बघून तरी माणूस किती दिवस काढणार? तिथंच गेले. मी गेलो होतो शेवटच्या दर्शनाला. थोरला आला नव्हता. मुलीनं त्याची वाट बघत बराच वेळ थांबवून धरलं होतं, मग लोक म्हणाले आता उचलायला हवं.

या उन्हाळ्यात थोरला माझ्या दुकानात आला. मी ओळखलं, त्यानं मला ओळखलं की नाही, समजलं नाही. पार वाळला होता. मेंढरांची वाट आळेफाट्यावरून जात होती आणि त्याला कुत्र्यासाठी पट्टा हवा होता. बिबट्या कुत्र्याच्या गळ्यालाच धरतो, म्हणून धनगर कुत्र्याच्या गळ्यात जाड चामड्याचा पट्टा बांधतात, बाहेरून अणकुचीदार खिळे ठोकलेला. "रेक्झिन नगं," तो म्हणाला. "जुनं, पक्कं चामडं दे."

तसं चामडं माझ्याकडे एकच होतं. खिळ्यावर टांगलेलं. मी ते काढून त्याच्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू, जाणूनबुजून दिलं. त्यानं वाकवून पाहिलं, वास घेतला, आणि मग त्याचा अंगठा त्या आकड्यांवर अडला.

"हे नंबर कशाचे?"

"मेजरांचे," मी म्हटलं. "दंडात अडकवायचा पट्टा आहे. सात नंबरवर बसायचा त्यांना."

बाहेर त्याची मेंढरं दुकानाच्या सावलीला दाटली होती, ट्रकवाले हॉर्न मारत होते. त्यानं तो पट्टा आपल्या डाव्या दंडाला लावून पाहिला. सात नंबरला आणला, तर ढिला पडला. दंडच उरला नव्हता त्याच्याजवळ. मग त्यानं तो मला परत दिला.

मी ऐरणीवर पट्टा ठेवला, डब्यातून खिळे काढले. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे, दुसरं कायतरी बघ. म्हणाला नाही. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला,

"सातवं भोक बुजवू नगंस. ते सोडून ठोक."

माणूस जिवंत होता, मधे पेरूचं एक झाड होतं, तेव्हा ह्यातला अर्धा शब्द बोलला असतास तर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हातोडी हातात होती. ठोकत राहिलो, सात नंबर सोडून.

त्यानं कुत्र्याला खाली बसवून पट्टा बांधला आणि मेंढरं हाकली. कुत्रं मागनं चाललं होतं, गळ्यात खिळे उन्हात चमकत होते, आणि कानाखाली एका ठिकाणी खिळा नव्हता. टपरीवरच्या पुड्या उजवीकडनं हलत होत्या. सुस्त.